बोटाचा खूर झाला

(घोडा आपल्या ओळखीचा आहे, पण घोड्याचे पूर्वज कसे होते? ते किती मोठे होते? त्यांच्या पायांना किती बोटे होती? लंडन शहरातील कॅमडेन या विभागात या प्रश्नांच्या उत्तराचे काही धागे सापडतात. त्या धाग्यांच्या आधाराने घोड्याची साडेपाच कोटी वर्षांची कहाणी या पाठात सांगितली आहे.)

मुलांनो, घोडा तुम्ही पाहिलाच असेल. कोणी वरातीत पाहिला असेल, कोणी माथेरानला, तर कोणी सारंगखेड्याच्या यात्रेत. आषाढीच्या वारीतील रिंगणात धावणारा माउलींचा अश्व पाहायला तर माणसांची केवढी गर्दी होते! टापांचा आवाज आला, की आपली नजर आपोआप तिकडे वळते.

आता एक गंमत करा. तुमचा उजवा हात बाकावर उभा धरा. फक्त मधले बोट बाकाला टेकवा. बाकीची बोटे वर उचला. आता मनगटही वर उचला आणि त्या एका बोटाच्या टोकावर हात तोलून धरा. जमते का? थोड्याच वेळात बोट दुखू लागते ना?

घोडा मात्र जन्मभर असाच उभा राहतो. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट असते, ते म्हणजे मधले बोट. आपण ज्याला खूर म्हणतो, ते त्या बोटाचे भले मोठे नख आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, ते खरे म्हणजे त्याचे मनगट आहे. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा म्हणजे त्याची टाच. म्हणजे घोडा सतत चवड्यांवर, नव्हे, नखांवर चालतो आणि नखांवर धावतो!

मग घोड्याची बाकीची बोटे कोठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे दूर, लंडनला जाऊ.

एक दात आणि एक कवटी

लंडन शहराचे अनेक विभाग आहेत. त्यांपैकी एक कॅमडेन. या विभागाशी आपले जुने नाते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना, १९२१-२२ च्या सुमारास, येथेच किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले. आता तेथे बाबासाहेबांचे स्मारक आहे.

याच कॅमडेनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स नावाचा एक जुना चौक आहे. त्या चौकात शल्यवैद्यांच्या संस्थेचे संग्रहालय होते. सुमारे १८० वर्षांपूर्वी रिचर्ड ओवेन नावाचे शास्त्रज्ञ तेथे काम करत असत. हाडे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. कोणी हाडाचा तुकडा आणून दिला, की ते तो निरखून पाहत, मोजत, दुसऱ्या हाडांशी ताडून पाहत आणि तो कोणत्या प्राण्याचा आहे हे सांगत.

एकदा त्यांच्यापुढे एक दात आला. तो आणला होता चार्ल्स डार्विन या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने. डार्विन 'बीगल' नावाच्या जहाजातून पाच वर्षे जगभर फिरून आले होते. १८३३ साली दक्षिण अमेरिकेत त्यांना हा दात जमिनीच्या जुन्या थरात सापडला होता. त्याच थरात फार पूर्वी नाहीशा झालेल्या प्राण्यांची हाडेही होती. ओवेन यांनी दात तपासला आणि सांगितले, की हा घोड्याचा दात आहे.

डार्विन चकित झाले. त्याला कारणही तसेच होते. युरोपातील लोक जहाजांतून अमेरिकेत प्रथम पोहोचले, तेव्हा तेथे एकही घोडा नव्हता. तेथील लोकांनी घोडा कधी पाहिलाच नव्हता. मग इतक्या जुन्या थरात घोड्याचा दात आला कोठून? अर्थ एकच होता. फार पूर्वी अमेरिकेत घोडे होते आणि पुढे ते नाहीसे झाले.

डार्विन त्या काळात कॅमडेनमधील गॉवर स्ट्रीट या रस्त्यावरच राहत होते. एका दाताने त्यांना विचार करायला लावले. प्राण्यांच्या जाती येतात कशा? जातात कशा? पुढे १८५९ साली त्यांनी या विचारांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ओवेन यांच्याकडे आणखी एक वस्तू आली. इंग्लंडमधील केंट या भागात, हर्न बे गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक छोटीशी कवटी सापडली होती. ती एवढी लहान होती, की हातात सहज मावावी. तिचे दात पाहून ओवेन यांना आफ्रिकेतील हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्याची आठवण झाली. म्हणून १८४१ साली त्यांनी त्या प्राण्याला नाव दिले 'हायराकोथेरियम'. म्हणजे हायरॅक्ससारखा प्राणी.

ही कवटी घोड्याच्या कुळाच्या जवळची आहे, हे मात्र ओवेन यांच्या ध्यानातही आले नाही! कसे येणार? कोठे उमदा घोडा आणि कोठे हा कुत्र्याच्या पिलाएवढा प्राणी! दोघांना जोडणारे मधले दुवे अजून जमिनीतच होते.

ते दुवे सापडले अमेरिकेत. तेथे ओथनिएल मार्श नावाच्या शास्त्रज्ञाने जमिनीच्या वेगवेगळ्या थरांतून घोड्यांसारख्या प्राण्यांची पुष्कळ हाडे गोळा केली होती. खालच्या जुन्या थरात लहान प्राणी, वरच्या नव्या थरात मोठे प्राणी. खाली जास्त बोटे, वर कमी बोटे. १८७६ साली थॉमस हक्सले हे लंडनचे शास्त्रज्ञ ती हाडे पाहायला गेले. मार्श यांनी त्यांना एकामागून एक पेट्या उघडून दाखवल्या. त्याच वर्षी मार्श यांनी सर्वांत जुन्या लहान घोड्याला 'इओहिप्पस' असे नाव दिले. या नावाचा अर्थ मोठा गोड आहे : पहाटेचा घोडा.

पहाटेचा घोडा

सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा उबदार होती. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात घनदाट जंगले होती. झाडांच्या दाट सावलीत पहाटेचा घोडा राहत असे. तो कोल्ह्याएवढा होता. त्याच्या पुढच्या पायांना चार चार आणि मागच्या पायांना तीन तीन बोटे होती. प्रत्येक बोटाला चिमुकला खूर होता. ही पसरट पावले जंगलातील मऊ, ओल्या जमिनीवर उपयोगी पडत. तो कोवळी पाने आणि फळे खाई. त्यामुळे त्याचे दात आखूड होते. शत्रू आला, की तो झुडपांत लपून बसे.

पुढे हवामान हळूहळू बदलू लागले. थंडी वाढली. पाऊस कमी झाला. जंगले विरळ झाली. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा 'मेसोहिप्पस' मेंढीएवढा झाला होता. त्याच्या चारही पायांना तीन तीन बोटे होती आणि मधले बोट इतरांपेक्षा मोठे होते.

मग जमिनीवर गवताचे राज्य आले. मैलोन् मैल नुसते गवत! आता लपायला झुडपे नव्हती. शत्रूला दुरूनच पाहायचे आणि वाऱ्यासारखे पळायचे, एवढाच उपाय उरला. शिवाय खायला गवत. गवत दिसते मऊ. पण त्याच्या पात्यांत वाळूसारखे अगदी बारीक, कठीण कण असतात. गवताच्या पात्याने बोट कापल्याचा अनुभव तुम्हांलाही असेल. असे गवत रोज चावले, की दात झिजतात. आखूड दात लवकर संपतात. दात संपले, की प्राणी उपाशी मरतो.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या 'मेरिचिप्पस'चे दात लांब होते. ते झिजले तरी पुष्कळ वर्षे पुरत. त्याला बोटे तीनच होती; पण शरीराचा भार मधल्या बोटावर पडे. बाजूची दोन बोटे जेमतेम जमिनीला लागत. पुढे 'प्लायोहिप्पस' आला. त्याच्या पायांवर एक बोटच ठळक दिसत होते. आणि सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी आजच्या घोड्यांचे, गाढवांचे आणि झेब्र्यांचे कूळ सुरू झाले. त्यांच्या पायाला एक बोट, एक खूर.

बाजूची बोटे पूर्णपणे गेली का? नाही. घोड्याच्या पायाच्या नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी काडीसारखी दोन बारीक हाडे चिकटलेली असतात. हरवलेल्या बोटांची तीच खूण!

बदल कसा झाला?

तुम्हांला वाटेल, की घोड्याने ठरवले, 'आता मी लांब पायांचा होतो', आणि तो तसा झाला. पण तसे घडत नाही.

एकाच घोडीची सगळी शिंगरे सारखी नसतात. घरातील भावंडे तरी कोठे सारखी असतात? एखाद्याचे पाय किंचित लांब, एखाद्याचे दात किंचित उंच. गवताळ माळावर लांडग्यासारखे शत्रू मागे लागले, की लांब पायांची शिंगरे निसटत. उंच दातांची शिंगरे जास्त वर्षे जगत. त्यांना जास्त पिले होत. पिलांना आईबापांचे गुण मिळत. असे एका पिढीत दिसत नाही, दहा पिढ्यांतही दिसत नाही. पण लाखो पिढ्या गेल्या, की बदल डोळ्यांत भरतो. यालाच उत्क्रांती म्हणतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घोड्याची कहाणी जिन्याच्या पायऱ्यांसारखी सरळ नाही. ती वडाच्या झाडासारखी आहे. त्याला कितीतरी फांद्या फुटल्या. काही घोडे पुन्हा लहान झाले, काही जंगलातच राहिले. एकाच काळी वेगवेगळ्या जातींचे घोडे शेजारी शेजारी चरत होते. बहुतेक फांद्या वाळून गेल्या. ओवेन यांचा हायराकोथेरियमसुद्धा आजच्या घोड्याचा थेट पूर्वज नसून त्याच्या पूर्वजांचा चुलत भाऊ असावा, असे आज अनेक शास्त्रज्ञ मानतात.

या वडाचे मूळ शोधताना शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या गुजरातमध्येही पोहोचले. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे दगडी कोळशासारख्या लिग्नाइटची खाण आहे. तेथे सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचे जीवाश्म सापडले. खंबायतच्या आखाताच्या नावावरून २००५ साली त्याला 'कॅम्बेथेरियम' हे नाव मिळाले. घोडा, गेंडा आणि टॅपिर हे तिघे एकमेकांचे नातेवाईक आहेत. त्या तिघांच्या मूळ पूर्वजाच्या अगदी जवळचा असा हा प्राणी आहे.

घोडा आणि माणूस

अमेरिकेत वाढलेले घोडे त्या काळी असलेल्या जमिनीच्या पट्ट्यावरून आशियात आले. तेथून ते युरोपात आणि आफ्रिकेत पसरले. आपल्याकडे शिवालिक टेकड्यांत आणि नर्मदेच्या खोऱ्यातही जुन्या रानटी घोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी खुद्द अमेरिकेतील घोडे मात्र नाहीसे झाले. १४९३ साली स्पेनहून निघालेल्या जहाजांतून घोडे पुन्हा त्या बाजूला गेले. जणू लेकरे माहेरी परतली!

माणसाने आधी घोड्याची शिकार केली. पण त्याला घोडा आवडतही असावा. कॅमडेनमध्ये ब्रिटिश म्युझियम हे प्रसिद्ध संग्रहालय आहे. तेथे बरगडीच्या हाडाचा एक तुकडा जपून ठेवला आहे. बारा हजार वर्षांहून अधिक पूर्वी कोणीतरी दगडाच्या टोकदार पात्याने त्यावर घोड्याचे चित्र कोरले. मान पुढे काढलेली, आयाळ ताठ उभी! इंग्लंडमधील एका गुहेत १८७६ साली ते सापडले.

आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी रशियातील व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या गवताळ प्रदेशात माणसाळले. तेथून माणसाबरोबर ते दूरदूर गेले. नागपूरजवळ माहुरझरी येथे महापाषाण काळातील दगडी वर्तुळे आहेत. तेथे उत्खननात घोड्यांची हाडे आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने सापडले. आपल्या पूर्वजांनीही घोड्याला किती मानाने वागवले होते, हे त्यावरून कळते.

कॅमडेनमध्येही घोड्यांनी खूप कष्ट केले. तेथे रेल्वेच्या मालाचे मोठे ठाणे होते. आगगाडी आली तरी घोड्यांचे काम संपले नव्हते. डबे ओढायचे, माल गावभर पोहोचवायचा, हे काम शेकडो घोडे करत. त्यांच्यासाठी तेथे तबेले होते, घोड्यांचे रुग्णालय होते. रुळ ओलांडताना अपघात होऊ नये, म्हणून जमिनीखालून खास घोड्यांसाठी बोगदे खणले होते. आज त्या तबेल्यांत बाजार भरतो. घोड्यांचे मोठे पुतळे तेथे उभे आहेत.

कॅमडेनमध्येच १७९१ साली इंग्लंडमधील पहिले पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी आजारी घोड्यावर बहुधा नालबंदच उपचार करत. 'एक्लिप्स' नावाचा एक घोडा त्या काळी फार गाजला होता. तो १८ शर्यती धावला आणि एकदाही हरला नाही. तो मेल्यावर त्याच्या हाडांचा अभ्यास झाला. त्याचा सांगाडा या महाविद्यालयाने जपून ठेवला आहे.

जो परत येणार नाही

कॅमडेनमधील आणखी एक सांगाडा पाहिल्यावाचून आपली सफर पुरी होणार नाही. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रँट संग्रहालय आहे. तेथे घोड्याच्या एका नातेवाइकाचा सांगाडा आहे. पुष्कळ वर्षे तो झेब्र्याचा समजला जात होता. नीट तपासल्यावर कळले, की तो क्वाग्गाचा आहे. क्वाग्गाचे असे सांगाडे साऱ्या जगात मोजून सात आहेत.

क्वाग्गा दक्षिण आफ्रिकेत कळपांनी राहत असे. त्याच्या मानेवर झेब्र्यासारखे पट्टे असत आणि पाठीमागचा भाग घोड्यासारखा तपकिरी असे. तेथे राहायला आलेल्या लोकांनी कातड्यासाठी त्याला मारले. आपल्या मेंढ्यांना गवत पुरावे म्हणूनही मारले. क्वाग्गा संपत आहेत, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. १८८३ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी मेली. ती शेवटची होती, हे लोकांना नंतर समजले.

पहाटेच्या घोड्यापासून आजपर्यंतचा काळ एका वर्षात बसवला, तर काय दिसेल? १ जानेवारीला पहाटेचा घोडा जंगलात हिंडत आहे. आजच्या घोड्याचे कूळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. माणूस घोडा पाळू लागतो, तेव्हा वर्ष संपायला फक्त ४० मिनिटे उरलेली असतात. आणि क्वाग्गा नाहीसा होतो शेवटच्या दीड मिनिटात!

पण माणसाला चूक सुधारताही येते. मंगोलियातील 'ताखी' हे रानटी घोडे १९६० नंतरच्या दशकात मोकळ्या रानातून नाहीसे झाले होते. काही प्राणिसंग्रहालयांत थोडे ताखी उरले होते. लोकांनी त्यांना जपले, त्यांची संख्या वाढवली आणि १९९२ सालापासून त्यांना पुन्हा मंगोलियाच्या माळावर सोडले. आज तेथे त्यांची शिंगरे बागडत आहेत.

मुलांनो, आता घोड्याच्या टापांचा आवाज कानी आला, तर क्षणभर थांबा. आपल्या मधल्या बोटाचे नख पाहा. निसर्गाला एका बोटाचा खूर घडवायला कोट्यवधी वर्षे लागली. तो जपणे मात्र आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

पूर्वज – आधीच्या पिढ्यांतील. जीवाश्म – दगडात टिकून राहिलेले जुन्या प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे अवशेष. हातखंडा असणे – एखाद्या कामात अतिशय तरबेज असणे. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे. दुवा – जोडणारी कडी. शिंगरू – घोड्याचे पिलू. नालबंद – घोड्याच्या खुरांना नाल ठोकणारा कारागीर. उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घोड्याचा खूर म्हणजे काय?
(आ) डार्विन यांना घोड्याचा दात कोणत्या साली सापडला?
(इ) 'इओहिप्पस' या नावाचा अर्थ काय?
(ई) कॅम्बेथेरियमचे जीवाश्म कोठे सापडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दक्षिण अमेरिकेत घोड्याचा दात सापडल्यामुळे डार्विन चकित झाले.
(आ) गवत खाणाऱ्या घोड्यांना लांब दात उपयोगी पडले.
(इ) क्वाग्गा नाहीसा झाला.

प्र. ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहाटेचा घोडा कसा होता?
(आ) घोड्याची कहाणी वडाच्या झाडासारखी आहे, असे का म्हटले आहे?
(इ) ताखी घोडे मंगोलियात परत कसे आले?

प्र. ४. जोड्या लावा.
(१) एक्लिप्स – (अ) गुहेतील हाड
(२) मेसोहिप्पस – (आ) १८ शर्यती
(३) घोड्याचे कोरलेले चित्र – (इ) तांब्याचे दागिने
(४) माहुरझरी – (ई) प्रत्येक पायाला तीन बोटे

प्र. ५. खालील प्राण्यांच्या पिलांना काय म्हणतात ते लिहा.
घोडा, गाय, म्हैस, शेळी, मेंढी.

उपक्रम : गाय, कुत्रा, कोंबडी, मांजर यांचे पाय दुरून निरखा. प्रत्येकाच्या पायाला किती बोटे दिसतात? तो प्राणी कोठे राहतो आणि काय खातो? तक्ता करून वर्गात लावा.